कॉलमचा जोड माल येण्याआधी ठरवा

या वेळच्या टपालात कॉलमच्या जोडाबद्दलची इतकी पत्रं निघाली, की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हे सदर त्यांनाच दिलंय. जोड म्हणजे आधी भरून घट्ट झालेल्या मालावर, म्हणजे काँक्रीटवर, नवा माल जिथे बसतो ती जागा. साइटवर ३१ वर्षं काढल्यावर सांगते, या जोडाकडे जेवढं लक्ष जायला हवं त्याच्या निम्मंही जात नाही. त्यामुळे एखादं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न: मॅडम, आमच्या इमारतीच्या दर्शनी भागात दुप्पट उंचीचे चार कॉलम आहेत. माप ४५० बाय ६०० मिमी. बीमच्या तळापर्यंत मोकळी उंची ७.२ मीटर आणि मध्ये एकही बीम नाही. कंत्राटदार म्हणतो, एका दमात भरू, जोड नसला की कॉलम एकसंध होतो. नकाशात जोडाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मी साइटवर नवीन आहे. जोड घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कुठे? – एक साइट इंजिनिअर

जोड घ्या, दोन टप्पे करा. मात्र जागा एकट्याने ठरवू नका. कागदावर छोटी आकृती काढा, जोडाची पातळी लिहा, डिझायनरकडे पाठवा आणि त्यावर सही घ्या. नकाशात उल्लेख नसला की साइटवर सगळे धरून चालतात की जोड कुठेही आला तरी हरकत नाही. हरकत असते, आणि ती कळते तेव्हा माल घट्ट झालेला असतो.

कंत्राटदाराचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. जोड जितके कमी तितकं बरं, हे मलाही मान्य आहे. पण एका दमात भरलेला कॉलम एकसंध होतोच असं नाही. सव्वासात मीटर खोल आणि दीड फूट रुंद पेटीत, सळया-रिंगांच्या दाट जाळ्यातून माल खाली जातो. तळाशी तो बसला की नुसता अडकला, हे वरून दिसत नाही. टॉर्च मारला तरी थोड्या खोलीनंतर रिंगांवर रिंगा एवढंच दिसतं. माल हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची निडल तिथवर पोचली तरी ती कुठल्या कोपऱ्यात उभी आहे ते धरणाऱ्यालाही कळत नाही.

आता शटरवरचा, म्हणजे माल ज्या पेटीत भरतात तिच्यावरचा, दाब बघा. ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे २५ किलोन्यूटन भरतं, म्हणजे अडीच टन. जोवर ते आवळत नाही, म्हणजे घट्ट व्हायला लागत नाही, तोवर पाण्यासारखं बाजूंना रेटतं. ७.२ मीटरच्या तळाशी हा दाब चौरस मीटरला १८० किलोन्यूटन, म्हणजे १८ टन होतो. तुमच्या कॉलमच्या ६०० मिमीच्या बाजूवर, नुसत्या खालच्या एक मीटरच्या पट्टीत, १० टनांचा रेटा आला. कंत्राटदार म्हणेल की भरता भरता खालचा माल आवळत जातो, एवढा दाब येत नाही. सावकाश भरलं तर ते खरं आहे. पण तुमच्या एका कॉलमला दोन घनमीटरसुद्धा माल लागत नाही. पंपाने तो अर्ध्या तासाच्या आत पेटीत पडतो आणि तेवढ्या वेळात काही आवळत नाही. शटर फुटलं नाही तरी फुगतं. खालच्या कोपऱ्यातल्या फटीतून सिमेंटचं पाणी निसटतं आणि मागे कोरडी खडी राहते. शटर काढल्यावर कॉलमच्या पायाशी जी पोखरलेली जागा दिसते ती बहुतेक वेळा याच निसटलेल्या पाण्याची असते.

मालाच्या पडण्याचंही आहेच. मोकळं पडण्यासाठी आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट कोडमध्ये १.५ मीटर ही सर्वसाधारण मर्यादा दिली आहे. माल कशालाही न आपटता सरळ पडला तर त्याहून उंचावरूनही फारसा बिघडत नाही. कॉलममध्ये तो सरळ पडतच नाही. वरच्या रिंगेवर आपटतो, खडी उडून एका बाजूला जाते, मसाला सळयांना लिंपून राहतो. म्हणून जोड घेतला तरी पंपाचा होज किंवा नळी पिंजऱ्याच्या आत उतरवायचीच आणि माल चढेल तशी वर ओढत न्यायची. थर दीड फुटाहून जाड नको. प्रत्येक थराला निडल खालच्या थरात चार ते सहा इंच घुसली पाहिजे. काढताना घाई नको, सेकंदाला तीनेक इंच एवढ्याच वेगाने ती वर यावी. भसकन ओढली की तिची भोकं तशीच मागे राहतात.

आता जोडाची जागा. तुमच्या कॉलमला तीन जोड येतील. एक तळाशी, एक मध्ये आणि एक वर बीमच्या खाली. मधल्याचा प्रश्न खरा.

इमारत आडवी रेटली जाते, वाऱ्याने म्हणा किंवा भूकंपाने, तेव्हा दोन्ही टोकांना घट्ट धरलेल्या कॉलमला वाकवणारा जोर टोकांशी सर्वांत जास्त असतो आणि मध्याजवळ जवळपास शून्यावर येतो. त्यामुळे जोड मधल्या भागात यावा हे बरोबर. पण आडवी कातर, म्हणजे कॉलमला आडवा कापू पाहणारा जोर, मात्र कॉलमच्या पूर्ण उंचीत सारखीच असते. बीममध्ये आपण कातर कमी असेल अशी जागा शोधून जोड घेतो, कॉलममध्ये तशी सवलत मिळत नाही. जोड कुठल्याही पातळीवर घ्या, कातर त्याच्यावरून जाणारच. ती पेलतात जोडातून आरपार गेलेल्या सळया, वरून येणारा भार आणि दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. यातलं घर्षण सर्वस्वी तुमच्या हातात आहे. अमेरिकेच्या एसीआय ३१८ कोडमध्ये त्याचे आकडे दिलेत. जोडाचा पृष्ठभाग स्वच्छ करून सुमारे ६ मिमीपर्यंत खरखरीत केला तर घर्षणाचा गुणांक १.०, नुसता स्वच्छ करून तसाच ठेवला तर ०.६. टाचे मारायचा, म्हणजे पृष्ठभाग छिन्नीने टोचून खरखरीत करायचा, कंटाळा केला की ४० टक्के घर्षण तिथेच गेलं.

तुमच्या कॉलमला मी ३ मीटरची पातळी सुचवेन, बरोबर मध्य नाही. कारण सळयांचा लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून जोडायची लांबी. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या भारतीय कोडप्रमाणे लॅप मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच घ्यायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे १.८ ते ५.४ मीटरच्या दरम्यान. शिवाय एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळया जोडायच्या नाहीत. सळई २० मिमीची आहे आणि लॅप तिच्या जाडीच्या ५० पट आहे असं धरलं, तर लॅप १ मीटरचा झाला. ३ मीटरवर जोड घेतला तर निम्म्या सळयांचा लॅप ३ ते ४ मीटरमध्ये आणि उरलेल्यांचा ४.३ ते ५.३ मीटरमध्ये बसतो. तोच जोड ३.६ मीटरवर घेऊन तिथून लॅप सुरू केले, तर दुसरा लॅप ५.९ मीटरपर्यंत चढतो आणि मर्यादेबाहेर जातो. तुमच्या सळया जाड असतील तर हा हिशोब डिझायनरबरोबर नव्याने मांडा. १२ मीटरची अखंड सळई लावून लॅपच टाळता आला तर उत्तमच, मग जोड खुशाल मध्यावर घ्या. फक्त एवढा उंच पिंजरा चारी बाजूंनी तारांनी ताणून ठेवावा लागेल. तो झोके खायला लागला की खालच्या ताज्या मालात सळईभोवती पोकळी होते.

जोडाची रेषा सरळ यावी म्हणून शटरच्या आतून त्या पातळीवर एक लाकडी पट्टी ठोका. माल पट्टीच्या वर इंचभर भरा. पाणी वर येऊन माल आवळायला लागला की तो वरचा इंचभर पातळ थर खरवडून काढून टाका. उंच टप्प्यात पाणी वर चढत जातं, त्यामुळे सगळ्यात कमजोर माल माथ्याशीच साचतो. शेवटचा फूट-दीड फूट भरताना माल थोडा घट्ट घेतला तर हे पुष्कळ कमी होतं.

आणि कचरा. यावर जरा थांबते, कारण हा धडा मी महाग शिकले. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. ६ मीटरचा कॉलम, दोन टप्प्यांत भरलेला. शटर काढलं तेव्हा बाहेरून सुरेख दिसत होता. मिस्त्री हातोडीने सहज ठोकत वरून खाली आले. ठण, ठण, ठण, आणि जोडापाशी भद्द. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ठोकलं. पुन्हा भद्द. छिन्नी लावल्यावर वरचा पापुद्रा निघाला आणि आत अर्ध्या इंचाचा तपकिरी थर दिसला. लाकडाचा भुसा, बाइंडिंग तारेचे तुकडे आणि आडवा पडलेला एक कव्हर ब्लॉक (सळई शटरपासून दूर ठेवणारा ठोकळा), सगळं सिमेंटच्या पाण्यात भिजून घट्ट झालेलं. तीन बाजूंनी बोटाचं एक पेर आत जात होतं. वरचं शटर बंद करताना मी तिथेच उभी होते. आत पाहायला वाट ठेवलेली नव्हती आणि ती मागायचं मला सुचलं नाही. बीमला टेकू देऊन तो पट्टा फोडावा लागला आणि न आकसणाऱ्या मायक्रो-काँक्रीटने भरावा लागला.

तेव्हापासून प्रत्येक टप्प्याच्या तळाशी शटरला समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्याशिवाय मी भरायची परवानगी दिलेली नाही. एका खिडकीतून हवेचा झोत मारायचा, दुसरीतून कचरा बाहेर. मग हात आत घालून तळ चाचपायचा. बोटांना खडीची टोकं लागली पाहिजेत, भुकटी लागता कामा नये. तुम्ही नवीन आहात म्हणून मुद्दाम सांगते, हे काम मुकादमावर सोडू नका. आपला हात आपणच घाला.

प्रश्न: मुलीच्या घराचं बांधकाम चालू आहे. प्रत्येक मजल्यावर कॉलमला दोन ठिकाणी आडवी रेष दिसते. एक जमिनीपासून चार इंचांवर, दुसरी बीमच्या थोडी खाली. शेजारचे म्हणतात कॉलम तिथे तुटलेत. मला रात्रभर झोप लागली नाही. – एक आई

आई, आधी निवांत व्हा. आपण वर्णन केलेल्या दोन्ही जागा जोडाच्या नेहमीच्याच आहेत. खाली चार इंचांवर दिसतो तो स्टार्टर. कॉलमची शटरिंग नेमक्या जागी आणि ओळंब्यात बसावी म्हणून आधी तेवढा छोटा तुकडा भरून घेतात आणि त्याला धरून वरची पेटी उभी करतात. वरची रेष बीमच्या तळाखाली दोन-तीन इंचांवर असेल. कॉलम तिथपर्यंत भरून थांबवतात आणि बीम-स्लॅब नंतर भरतात. तसं थांबणं योग्यच आहे.

तडा आणि जोड यांतला फरक आपल्यालाही पाहता येईल. जोडाची रेष कॉलमच्या चारी बाजूंना एकाच पातळीत फिरते, तिला रुंदी नसते, नख अडकत नाही. तडा बहुधा तिरका किंवा उभा जातो, एका बाजूला रुंद आणि पुढे बारीक होत जातो. पेन्सिलने त्याच्या टोकाशी खूण केली तर काही आठवड्यांनी तो खुणेच्या पुढे गेलेला दिसू शकतो.

माझी काळजी वेगळी आहे, ती स्टार्टरची. हा चार इंचांचा तुकडा साइटवर पोरका असतो. उरलेल्या मालात नाहीतर नुसत्या सिमेंट-वाळूत तो उरकून टाकतात. मात्र वरच्या सगळ्या मजल्यांचा भार याच चार इंचांतून खाली जातो. कॉलमला जो माल, तोच स्टार्टरला हवा, तोही निडलने बसवलेला आणि पाणी मारून भिजवलेला. पुढच्या मजल्याचे स्टार्टर भरायचे असतील त्या दिवशी मुलीला साइटवर थांबायला सांगा आणि माल कुठून आला एवढं विचारायला सांगा. भरून झालेल्या स्टार्टरवर हातोडीने हलकेच ठोकून पाहा. खणखणीत आवाज हवा, कोपरे भुगा होऊन पडायला नकोत. रेषेपाशी खडी उघडी पडलेली दिसली, तर ते प्लास्टरखाली झाकायच्या आधी इंजिनिअरला बोलावून दाखवा. तसं झाकलेलं मी पुष्कळदा पुन्हा उघडलंय आणि दर वेळी दुरुस्ती वाढलेलीच निघाली.

प्रश्न: ४.५ मीटरचा कॉलम भरताना पंप बंद पडला. माल साधारण ३ मीटरपर्यंत आला होता. दोन तासांनी पंप सुरू झाला तेव्हा ऊन्ह कडक होतं. पोरं म्हणाली, भरून टाकू. मी थांबवलं. पण मालाचा माथा एका बाजूला उतरता राहिलाय. आता कॉलम पाडायचा का? – साइट सुपरवायझर

पाडायचा नाही, आणि थांबवलंत ते फार चांगलं केलंत. अशा वेळी निर्णय घ्यायला एक सोपी चाचणी आहे. सुरू असलेली निडल आधीच्या मालावर उभी धरायची. स्वतःच्या वजनाने ती आत बुडाली आणि भोवतीचा माल पुन्हा मऊ होऊन हलला, तर भरणं चालू ठेवायला हरकत नाही. जुना आणि नवा थर एकजीव होतो. निडल वरच नाचत राहिली तर तिथे थांबायचं. घड्याळावर विसंबू नका. थंड दिवशी दोन तासांनीही माल जिवंत असतो, कडक उन्हात तासाभरातच आवळायला लागतो.

निडल न शिरणाऱ्या मालावर नवा माल ओतला की कोल्ड जॉइंट होतो. त्यात आणि आपण ठरवून घेतलेल्या जोडात फरक आहे तो तयारीचा. ठरवलेल्या जोडावर खरवडणं, धुणं, तपासणं झालेलं असतं. कोल्ड जॉइंटमध्ये वर आलेलं पाणी आणि सिमेंटची साय तशीच आत गाडली जाते. बाहेरून कदाचित एक पुसट रेष दिसेल, बस.

आता तुमचा उतरता माथा. तो तसा ठेवायचा नाही. कॉलममधला भार सरळ खाली येतो आणि जोड आडवा, भाराला काटकोनात असेल तर तो नुसता दाबला जातो. जोड तिरका झाला की भाराचा काही भाग त्या उतारावरून घसरायला बघतो. उतार ३० अंशांचा असेल तर भाराचा निम्मा भाग उताराच्या दिशेने काम करतो. शंभर टन येत असतील तर ५० टन. म्हणून माथा आडवा करून घ्यायलाच हवा.

कधी करायचा याला महत्त्व आहे. पत्र माझ्या हातात येईपर्यंत माल घट्ट झालेला असणार, म्हणून आता हलक्या हाताने छिन्नीने फोडा, मोठा ब्रेकर लावू नका. ब्रेकरच्या दणक्याने खालच्या चांगल्या मालात बारीक चिरा जातात. पुढच्या वेळी असं झालं तर दोन संधी असतात. माल अजून हिरवा असताना, म्हणजे आवळलाय पण खरवडता येतोय अशा वेळी, थापीने माथा सपाट करून तारेच्या ब्रशने साय काढून टाकायची. ती वेळ हुकली तर मग पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबायचं. अर्धवट घट्ट झालेल्या मालावर छिन्नी चालवू नका. खडी आपल्या जागेवर सैल होते आणि दिसायला मात्र घट्टच दिसते.

माथा आडवा झाला की कडा तपासा. चारी बाजूंना जोडाची रेष एका पातळीवर हवी. मग टाचे, हवेचा झोत, पाणी. ही जागा डिझायनरला कळवा, फोटो आणि पातळी लिहून. लॅपच्या मधोमध किंवा टोकाच्या जवळजवळच्या रिंगांच्या भागात जोड पडला असेल तर ते कदाचित जादा सळया घालायला सांगतील. तो निर्णय त्यांचा. माहिती लपवली तर त्यांना निर्णय घेताच येत नाही.

ज्या साइटवर पंप एकच आहे तिथे भरायला सुरुवात करण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा की मध्येच थांबलं तर कुठे थांबायचं, कोण खरवडेल, ब्रश आणि पट्टी कुठे ठेवलीय. मी हे शटरवरच खडूने लिहून ठेवायची.

प्रश्न: जुन्या कॉलमवर नवा माल टाकण्याआधी सिमेंटची स्लरी ओतावी की नको? काही जण बाँडिंग केमिकल लावतात. मिस्त्री म्हणतात स्लरीशिवाय जोड धरत नाही. – बांधकाम शाखेचा विद्यार्थी

स्लरीवरचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या सिमेंटवरचा, विश्वास साइटवर इतका पक्का आहे की तो मोडायला मला वेळ लागतो. जोड धरतो तो खरखरीत, स्वच्छ आणि आतून भिजलेल्या पृष्ठभागामुळे. आदल्या दिवसापासून जुना माथा ओला ठेव. भरायच्या आधी वर साचलेलं पाणी पूर्ण काढ. हात लावला तर गार आणि दमट लागावं, तळहात ओला होऊ नये. कोरडा माथा नव्या मालातलं पाणी शोषून घेतो. पाण्याचं डबकं राहिलं तर नेमक्या जोडावरच माल पातळ होतो.

स्लरी ओतली आणि लगेच माल आला तर फार बिघडत नाही. पण प्रत्यक्षात स्लरी ओतली जाते, मग शटर आवळायचं राहिलेलं आठवतं, मग गाडीला उशीर होतो, आणि तोवर स्लरीची कोरडी पापडी झालेली असते. ती पापडी दोन्ही मालांना वेगळं ठेवते. केमिकलचंही तेच. इपॉक्सी लावल्यावर ठरावीक वेळेतच माल पडावा लागतो. ती वेळ उलटून गेली की गुळगुळीत फिल्म तयार होते आणि न लावता भरलं असतं तर बरं झालं असतं अशी गत होते. उंच पेटीच्या तळाशी, सळयांच्या जाळीत, ते नीट लावताही येत नाही.

मी करते ते असं. पहिला थर इंच-दोन इंच मसाल्याचा. कॉलमच्या मालातली खडी वगळायची, सिमेंट-वाळूचं आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण तेच ठेवायचं. हा मसाला पडला की त्याच्या पाठोपाठ, तो ओला असतानाच, माल. तळाशी खडी आपटून कोरडी पडण्याची भीती असते, तिथे हा मसाला उपयोगी येतो. खडीमधल्या जागा भरतो आणि जोडाच्या कडा बंद करतो. शटरची खालची कड जुन्या कॉलमवर इंचभर चढवून घ्यायची आणि मध्ये फोमची पट्टी चिकटवायची, नाहीतर हाच मसाला फटीतून बाहेर येऊन जमिनीवर पसरतो.

मिस्त्रींशी वाद घालू नकोस. त्यांना सोबत घेऊन दोन छोटे ठोकळे कर, एकावर स्लरी ओतून तासभर वाळू दे, दुसऱ्याला नुसता भिजवून मसाला घाल. पुरेसे दिवस पाणी मारून दोन्ही त्यांच्याच हातून फोडून घे.

प्रश्न: कॉलम, बीम आणि स्लॅब एकाच दिवशी भरले तर वरचा जोड वाचेल का? आमच्याकडे कॉलम एम-५० आणि स्लॅब एम-३० आहे, तेही कसं सांभाळायचं? – एक कंत्राटदार

सलग भरू नका. कॉलममधला माल भरल्यानंतरही खाली बसत राहतो, पाणी वर येतं. उंच कॉलममध्ये हे बसणं डोळ्यांना दिसेल एवढं असतं. बीमचा माल मात्र स्वतःच्या शटरवर टेकलेला असतो, तो खाली येत नाही. कॉलम खाली सरकतो, बीम जागेवर राहतो आणि दोघांच्या सांध्यात, बीमच्या तळाशी, आडवी चीर पडते. म्हणूनच एसीआय ३१८ मध्ये स्पष्ट आहे की कॉलममधला माल मऊ असेपर्यंत त्यावर टेकणारे बीम-स्लॅब भरायचे नाहीत. कॉलम आदल्या दिवशी भरून घ्या आणि सर्वांत खोल बीमच्या तळाखाली दोन-तीन इंचांवर थांबा. बीमच्या तळाच्या वर जाऊन थांबलात तर बीमच्या खालच्या सळया बसवताना तोच माथा फोडावा लागतो.

ग्रेडचा, म्हणजे मालाच्या ताकदीचा, प्रश्न महत्त्वाचा आहे; एम-नंतरचा आकडा जितका मोठा तितका माल मजबूत. कॉलमचा माल एम-५० आणि वरच्या सांध्यात एम-३० पडला, तर कॉलमचा भार त्या कमजोर पट्ट्यातूनच खाली जातो. कॉलमची ताकद स्लॅबच्या १.४ पटीहून जास्त असेल तर एसीआय मध्ये यासाठी वेगळे उपाय दिलेत. तुमच्याकडे ती १.६७ पट आहे. नेहमीचा उपाय असा की कॉलमवरच्या जागेत, आणि कॉलमच्या बाजूंपासून ६०० मिमी बाहेरपर्यंत, कॉलमचाच माल टाकायचा. तो आधी टाकायचा, मग भोवतीने स्लॅबचा. दोन्ही ओले असतानाच हद्दीवर निडल फिरवून त्यांना एकत्र मिसळायचं.

यासाठी दोन ग्रेडच्या गाड्या एकाच वेळी साइटवर लागतील. एम-५०ची गाडी पुढे पाठवा, तिच्या पावतीवर मोठ्या अक्षरात 'कॉलम' लिहून घ्या, आणि स्लॅबच्या शटरवर प्रत्येक कॉलमभोवती ६०० मिमीची चौकट आदल्या संध्याकाळीच रंगाने आखून ठेवा. होज धरणाऱ्याला ती रंगाची रेघ दिसली पाहिजे. सळया अंथरल्यावर खडूची रेघ पायांखाली पुसून जाते.